बोलेरोमागे ट्रेलर लावून सायन-पनवेल हायवेला लागताना पिकअप कमी पडतो, काय करावं?

थालीपीठवाली (खारघर)

नमस्कार मंडळी. आधी गाडीची सगळी माहिती देऊन टाकते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "कुठली गाडी, किती वजन" यातच जातात.

गाडी बोलेरो, १.५ लिटर डिझेल, ७५ हॉर्सपॉवर. मागे आमचा खाण्याचा ट्रेलर. एकच एक्सेल, ट्रेलर अडकवायला गाडीमागे ५० मिलिमीटरचा बॉल, आणि ओव्हररन ब्रेक, म्हणजे मी गाडी हळू केली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. आत एक फ्रीज, दोन मोठे तवे, १९ किलोवाले दोन सिलिंडर, भांडीकुंडी आणि पाण्याची टाकी. तुर्भ्याला वजनकाट्यावर नेला तेव्हा पाण्यासकट हजारच्या आसपास भरला. ट्रेलरची वेगळी नोंदणी आहे, एमएच ४६ चा स्वतःचा नंबर आहे, मागचे दिवे चालतात. तेव्हा कागदपत्रांवर प्रवचन नको.

गाडी मीच चालवते. शेजारी नणंद असते, ती रामरक्षा म्हणते.

खारघरच्या आत, उत्सव चौक ते सेंट्रल पार्क, काहीच अडचण नाही. तीस-चाळीसच्या वर जायची वेळच येत नाही. प्रश्न आहे हायवेचा. सर्व्हिस रोडवरून सायन-पनवेलला लागताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय खाली दाबला तरी काटा चाळीसवरून साठकडे निवांत जातो. तोवर कडेची जागा संपते, समोर रिक्षा उभी असते नाहीतर एनएमएमटीची बस थांबलेली असते. थांबले तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. दुसरं म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला फक्त बोलेरो दिसते. बोलेरो गेली की जागा मोकळी, असं समजून तो नेमका माझ्या ट्रेलरच्या जागेत शिरायला बघतो.

यजमानांचं म्हणणं, "खिडकीतून हात दाखव, थांबतात लोक." ऐंशीने येणारा कंटेनर माझ्या हाताकडे बघून थांबेल यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या महिन्यात तळेगावला एका सोसायटीची ऑर्डर आहे. म्हणजे कळंबोलीहून एक्स्प्रेसवे. तर सांगा: हायवेला लागायच्या आधी किती वेग हवा? इंडिकेटर कुठून द्यायचा? जागा मिळाली नाही तर उभं कुठे राहायचं? आणि पूल उतरताना सत्तरला ट्रेलर मागे किंचित झुलतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

फुकटसल्ला_कोपरखैरणे

सामान छोट्या टेम्पोत टाका, ट्रेलर विका. विषय संपला.

थालीपीठवाली (खारघर)

टेम्पोत उभं राहून तुम्ही थालीपीठ लावून दाखवा, मग विकते.

आकडेमोड_ऐरोली

ताई, पिकअप कमी पडतो हे खरं, पण किती कमी पडतो ते मांडून बघितलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

बोलेरो, तुम्ही दोघी आणि गाडीतलं सामान मिळून १,८०० किलो धरू. ट्रेलर १,०००. एकूण २,८००. वेग वाढवायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चाळीसचा वर्ग १,६००, साठचा ३,६००, ऐंशीचा ६,४००. म्हणजे चाळीसने चालत आलात तर साठ गाठायला २,००० भाग लागतात, आणि थांबून निघालात तर ३,६००. जवळजवळ दुप्पट. साठवरून ऐंशीला जायला आणखी २,८००, त्यात वाऱ्याचा अडथळा वेगळा, कारण तुमचा ट्रेलर म्हणजे चौकोनी खोकं आहे.

माझ्या अंदाजाने पूर्ण दाबून चाळीस ते साठ व्हायला तुम्हाला आठ-दहा सेकंद लागत असतील. तेवढ्यात गाडी सव्वाशे मीटर पुढे जाते. साठ ते ऐंशीला पंधरा-वीस सेकंद, म्हणजे तीनशे मीटर किंवा जास्त. एवढा लांब सरळ पट्टा सायन-पनवेलच्या सर्व्हिस रोडच्या तोंडाशी मिळत नाही. त्यामुळे "ऐंशी करून मगच लागा" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. साठ हे तुमचं उद्दिष्ट.

आता मागून येणाऱ्याचा हिशोब. तो ऐंशीने येतोय, शंभर मीटर मागे आहे. तुम्ही साठने लेनमध्ये आलात तर तुम्हाला गाठायला त्याला अठरा सेकंद मिळतात. पन्नासने आलात तर बारा. उभ्या जागेवरून निघालात तर साडेचार सेकंदांत तो तुमच्या फ्रीजपाशी पोहोचतो. उभं राहायचं नाही, ही सगळी युक्ती यातच आहे.

आणखी एक. या इंजिनचा सर्वात जास्त टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, १,६०० ते २,२०० आरपीएमला आणि पूर्ण ताकद ३,६०० ला मिळते. आपल्याला मायलेजसाठी दोन हजारला गिअर बदलायची सवय असते. हायवेला लागताना ती सवय बाजूला ठेवा. तिसऱ्यातच राहा, तीन हजारच्या पुढे जाऊ द्या, आवाज होईल, होऊ द्या. तिसऱ्यात साठ सहज निघतो. लेनमध्ये आल्यावर चौथा टाका. मध्येच गिअर बदलला की त्या सेकंदात ओढ तुटते आणि नेमका तोच सेकंद महाग असतो. एसीही तेवढ्यापुरता बंद ठेवा.

चाळीसफुटी_कळंबोली

ताई, मी आयुष्यभर न्हावाशेव्याहून चाळीस फुटी कंटेनर ओढला. आता घोडा, म्हणजे कंटेनर ओढणारी पुढची गाडी, मुलगा चालवतो, मी घरी असतो. वरच्या साहेबांनी हिशोब बरोबर मांडला. पण हायवेवर चढताना हिशोब करायला वेळ नसतो, तिथे आरसा कामाला येतो. म्हणून माझं थोडं ऐका.

पहिली गोष्ट, गाडी सरळ करा. सर्व्हिस रोडवरून तुम्ही तिरक्या येता. तिरक्या असताना उजव्या आरशात तुम्हाला फक्त तुमच्याच ट्रेलरची भिंत दिसणार, मागची लेन दिसणारच नाही. म्हणून तोंडापाशी येऊन मान वळवण्यात अर्थ नाही. अगोदरच, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, गाडी आणि ट्रेलर दोन्ही हायवेला समांतर आणा. समांतर झालात की आरशात अख्खी लेन उघडते. आरसे मात्र ट्रेलरच्या रुंदीच्या बाहेर आलेले पाहिजेत. कंपनीच्या आरशांवर भागणार नाही, लांब दांडीचे लावा.

दुसरी गोष्ट, मोकळी जागा शोधू नका. कोणाच्या मागे लागायचं ते ठरवा. डाव्या लेनमध्ये भरलेला ट्रक पन्नास-पंचावन्नने चाललेला असतो, लोक त्याला शिव्या देतात. तुमच्यासाठी तो देवमाणूस आहे. त्याच्या मागची रांग त्याच्याच वेगाने चाललेली असते. तुम्ही त्याच्या बरोबरीने चाला, तो पुढे जाऊ द्या, आणि त्याच्या मागच्या जागेत या. ऐंशीच्या लेनशी तुम्हाला काही देणंघेणं नाही.

पण त्याच्या पुढे घुसायचं नाही. हे लक्षात ठेवा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि तुम्ही येता डावीकडून. ट्रकच्या डाव्या तोंडाजवळची जागा त्याला दिसतच नाही. आम्ही क्लिनर ठेवायचो तो त्याचसाठी, डावीकडे डोकं बाहेर काढून बसायचा. आता बऱ्याच गाड्यांवर क्लिनर नसतो. भरलेल्या गाडीला थांबायला किती अंतर लागतं ते वेगळंच. तुम्ही त्याच्यासमोर पन्नासने उतरलात आणि पुढे रिक्षा थांबली, तर तो ब्रेक मारूनही थांबणार नाही.

इंडिकेटर सर्व्हिस रोडवर असतानाच चालू करा, निदान पाच-सहा सेकंद आधी, आणि ट्रेलरचं शेपूट पूर्ण लेनमध्ये आल्याशिवाय बंद करू नका. पुष्कळ जण स्वतः आत आले की बंद करतात. मागून डिपर आला तर तो "या" म्हणतोय असं समजू नका. कारवाल्याचा डिपर म्हणजे "मी येतोय, तुम्ही थांबा".

जागा नाहीच मिळाली तर तोंडाला जाऊन उभं राहू नका. लांबूनच वेग कमी करा, वीस-पंचवीसने रांगत या, म्हणजे जागा दिसली की उचलायला थोडा वेग हातात असतो. थांबावंच लागलं तर तोंडाच्या तीस-चाळीस मीटर अलीकडे. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या, ते तुम्हाला उचलून नेणार नाहीत.

थालीपीठवाली (खारघर)

काका, "देवमाणूस" हे नणंदेला वाचून दाखवलं. ती म्हणाली मग मागच्या खेपेला मी त्याला का शिव्या घातल्या.

तिरकं असताना आरशात भिंत दिसते, अगदी खरं. मी तेव्हा नणंदेला "बघ गं" म्हणते आणि ती डावीकडे बसलेली, तिला काय दिसणार!

एक शंका. सर्व्हिस रोड अरुंद आहे, आधी समांतर करायला गेले तर ट्रेलरचं डावं चाक कडेच्या दगडाला लागतं.

चाळीसफुटी_कळंबोली

लागणारच. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या मागोमाग चालत नाहीत, वळणात ती आतल्या बाजूने कापतात. म्हणून वळण घेताना गाडी आधी थोडी पुढे, थोडी बाहेर न्या, मग वळवा. उजवीकडे वळून हायवेला लागताना हेच उलट होतं, ट्रेलरचं उजवं चाक दुभाजकाच्या टोकावर चढतं. त्या टोकावरचे पिवळे-काळे पट्टे कशाने खरवडलेले असतात असं वाटतं तुम्हाला?

खाडीकाठ_घोडबंदर

मी ठाण्याहून छोटी होडी ट्रेलरवर नेतो, त्यामुळे झुलण्याच्या प्रश्नाचं मी सांगतो. तोच जास्त गंभीर आहे आणि त्याचा हायवेला लागण्याशी थेट संबंध आहे. तुम्ही पुलाच्या उताराचा फायदा घेऊन वेग मिळवायला जाता आणि नेमका त्याच वेगात ट्रेलर हलायला लागतो.

कारण बहुतेक वेळा वजनाच्या मांडणीत असतं. एपीएमसीत हातगाडीवर मागच्या बाजूला पोती जास्त झाली की पुढचा दांडा वर उचलतो, पाहिलं असेल. तुमच्या ट्रेलरचं तसंच होत असणार. एक्सेलच्या मागे वजन जास्त, बॉलवर भार कमी. मग मागचा भाग गाडीच्या शेपटीला इकडून तिकडे ढकलतो. फ्रीज कुठे आहे तुमचा? आणि पाण्याची टाकी?

बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सहा-सात टक्के तरी भार हवा, काही जण दहापर्यंत नेतात. जास्तीत जास्त किती चालेल ती मर्यादा हिचवर, म्हणजे बॉल ज्यावर बसवलाय त्या गाडीमागच्या जोडणीवर, आणि बॉलवर लिहिलेली असते ती बघा. मोजायला घरचा वजनकाटा चालतो. सपाट जागेवर, ट्रेलरच्या चाकांना लाकडाच्या ओंडक्यांची अडवण लावून, कपलरखाली, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या दांड्याच्या तोंडाखाली, बॉलच्या उंचीएवढा ठोकळा काट्यावर उभा करायचा आणि कपलर त्यावर टेकवायचा. पुढचं टेकणचाक वर घ्यायला विसरू नका, नाहीतर काटा खोटं सांगेल.

टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी न्या. अर्धी टाकी सर्वात वाईट, पाणी इकडेतिकडे आदळत राहतं. टायरची हवाही बघा, दोन्ही बाजूंना सारखी हवी.

झुलायला लागलाच, तर काय करायचं ते नीट वाचा. पाय ॲक्सिलरेटरवरून हळू काढायचा. स्टिअरिंग घट्ट, सरळ. झुलण्याच्या उलट बाजूला वळवून सुधारायला जायचं नाही, त्याने वाढतं. जोरात ब्रेक नाही. आणि "वेग वाढवला की सरळ होतो" असं सांगणारे महाभाग भेटतील, त्यांना नमस्कार करा. ज्या ट्रेलरला वेगळे इलेक्ट्रिक ब्रेक असतात तिथे फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून तो सरळ ओढता येतो. तुमचा ओव्हररन आहे, त्यात ती सोय नाही. त्यामुळे वेग उतरू देणं एवढाच मार्ग.

मोठी बस किंवा कंटेनर बाजूने गेला की वाऱ्याचा दाब आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो आणि मग आत खेचतो. घोडबंदर रोडला हे मी रोज अनुभवतो. आरशात बस दिसली की दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि काही करू नका.

आता आकडेमोड साहेबांशी माझा वाद आहे. एक एक्सेलच्या ट्रेलरला साठ हे उद्दिष्ट ठीक, पण त्यांच्या ऐंशीच्या गणिताने कोणाला मोह होऊ नये. मी सत्तरच्या वर जात नाही. एक्स्प्रेसवेवरही.

आकडेमोड_ऐरोली

वाद कसला, मी तर ऐंशी नको असंच म्हटलं होतं. पण डाव्या लेनमध्ये साठ-पासष्टने चालणं हे पळपुटेपण नाही, एवढं जोडतो. एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कारची मर्यादा १०० आहे, म्हणून शंभर करायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. घाटात कारलाही ६० च आहे.

दुचाकीस्वार_नेरूळ

माझं वेगळंच. ट्रेलरवाल्यांनी डावीकडे बघावं ही विनंती. सर्व्हिस रोडच्या तोंडाशी आम्ही दुचाकीवाले डावीकडूनच सरकतो, आणि बोलेरो पुढे गेली की मागे आणखी काहीतरी लोंबतंय हे आम्हालाही कळत नाही. मध्ये शिरलो की संपलो. नुसते मागचे दिवे पुरेसे नाहीत, बाजूला काहीतरी लावा.

खाडीकाठ_घोडबंदर

बरोबर. परावर्तक टेप लावा: बाजूंना पिवळी, मागे लाल, पुढे पांढरी. नियमही तोच आहे. आणि पुढचा दांडा, बॉलपासून खोक्यापर्यंतचा, तोच रात्री दिसत नाही. तिथेही पिवळी लावा. सेफ्टी चेन दोन असतील तर दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा चेनवर पडतो, रस्त्यात रुतत नाही.

थालीपीठवाली (खारघर)

सगळ्यांना आधी धन्यवाद, मग बातमी.

काट्यावर घेतला. बॉलवर भार निघाला २८ किलो. हजार किलोच्या ट्रेलरला २८! फ्रीज अगदी मागच्या भिंतीला होता, कारण ट्रेलर बनवणाऱ्याने तिथेच प्लग काढून दिला होता. टाकीही मागेच, आणि अर्धी. आता फ्रीज पुढे घेतला, सिलिंडर एक्सेलच्या बरोबर वर बांधले, टाकी रिकामी. ७२ किलो दाखवतोय, हिचची मर्यादा १०० आहे. फ्रीज पुढे आल्याने भाजणीचं पीठ आता नणंदेच्या बाजूला आलंय आणि तिला प्रत्येक वेळी वाकावं लागतं, ती वेगळी तक्रार.

रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना तिसऱ्यात तीन हजारपर्यंत नेऊन बघितलं. मी हे इंजिन कधी एवढं ओरडवलंच नव्हतं. साठ झाले, आणि अपेक्षेपेक्षा लवकर झाले. मग हायवेला लागून तळोजाच्या दिशेने जाणाऱ्या सळयांच्या ट्रकमागे लागले, कळंबोलीपर्यंत त्याला सोडलं नाही. मागे कोणी हॉर्नसुद्धा दिला नाही. पूल उतरताना सत्तर होऊ दिलं, ट्रेलर सरळ.

लांब दांडीचे आरसे कळंबोलीला मिळाले, पण बोलेरोला बसवताना दाराला भोक पाडतो म्हणाला. पट्ट्याने लावायचे मिळतात का कुठे?

खाडीकाठ_घोडबंदर

मिळतात, मूळ आरशावर पट्ट्याने आवळायचे. भोक पाडू नका, पावसात दारात पाणी शिरतं. फक्त सत्तरला थरथरतात का ते बघून घ्या. थरथरत्या आरशात ट्रक आहे की टँकर तेही कळत नाही.

आकडेमोड_ऐरोली

घाटाचं विसरू नका. खोपोलीपुढे चढ लागला की तुमच्या २,८०० किलोला चौथा सोसणार नाही. आधीच तिसरा टाका, इंजिन दमल्यावर नाही. इंजिनच्या तापमानाचा काटा बघत राहा. आणि येताना त्याच उतारावर तिसऱ्याच गिअरने उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर गाडीचे ब्रेक तापतात, आणि उतारावर ट्रेलर पुढे रेटत असतो म्हणून ओव्हररन ब्रेक तर तसेही लागलेले राहतात.

चाळीसफुटी_कळंबोली

ऑर्डर कुठल्या वारी आहे?

थालीपीठवाली (खारघर)

शनिवारी संध्याकाळी, काका. पहाटे चारला निघावं म्हणते, रस्ता मोकळा मिळेल.

चाळीसफुटी_कळंबोली

चारला निघू नका. रात्रभर चालवलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यावर चार ते सहा या वेळेत झोप असते, मला माहीत आहे ती काय असते. त्या वेळी भरलेल्या गाडीच्या पुढेमागे तुमचा छोटा ट्रेलर नको. उशिरा निघालात तर सगळी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते, घाटात अडकाल आणि चढावर थांबून-निघून क्लच जाळाल. शुक्रवारी दुपारी जा, तिथेच मुक्काम करा.

थालीपीठवाली (खारघर)

शुक्रवारी दुपारी नणंदेची बँक असते. सोसायटीवाल्यांना विचारते, शुक्रवारी रात्री ट्रेलर आत लावू देतात का. दिला तर तीनला तिला बँकेच्या दारातूनच उचलते.